बाहीवाला मेतोदेय आणि न सुटणारी चिंधी

कुत्री शिकवायच्या आमच्या क्लबात मेतोदेय क्रुपिच्काचं काम एकच होतं, कुत्र्यांकडून हरायचं. छत्तीस वर्षं दर शनिवारी सकाळी आठ वाजता तो सायकलवरून यायचा, सायकल कुंपणाला टेकवायचा, डाव्या हातावर तागाची जाड बाही चढवायचा आणि लोकांच्या कुत्र्यांपुढे पळायचा. कुत्रं झेप घेऊन बाहीला लटकलं की थोडी झटापट करायची, धापा टाकायच्या, हरल्याचं सोंग करायचं आणि बाहीतून हात काढून ती कुत्र्याला देऊन टाकायची. कुत्रं बाही तोंडात धरून मैदानभर मिरवणार, मालक टाळ्या वाजवणार आणि मेतोदेय गवतात बसून श्वास गोळा करणार. तोवर पुढचं कुत्रं दोरी ताणून उभंच असायचं. मी स्वतः त्याच्यासमोर चार कुत्री तयार केली आणि खरं सांगते, एकदाही त्याला ‘दमलास का रे’ असं विचारलं नाही.

मी ल्युबा. गावच्या दवाखान्यात रक्त काढायचं काम करते, एकतीस वर्षं झाली. पाच दिवस लोकांच्या शिरा शोधायच्या आणि सहाव्या दिवशी या मैदानात चिखल तुडवायचा, असं माझं आयुष्य गेलं. आमचं लिपोव्हेक गाव मोराव्हा नदीच्या सपाटीवर आहे. चहूकडे साखरबीटाची शेतं, मधे आमचं मैदान आणि मैदानाच्या कडेला एक लाकडी खोली. त्या खोलीत चूल, गुलाशचं म्हणजे मांसाच्या रश्शाचं पातेलं आणि एकमेकांच्या कुत्र्यांना नावं ठेवणारी आम्ही तीसेक माणसं.

पिल्लांच्या बाबतीत मेतोदेयचा हात धरेल असं कोणी नव्हतं. नवीन माणूस आला की हमखास एक चूक करतो, चावा शिकवायची चिंधी पिल्लाच्या तोंडासमोर नाचवतो. पिल्लू घाबरून मागे सरकतं आणि माणूस आणखी पुढे नाचवतो. मेतोदेय लांबूनच ओरडायचा, “अहो बाई, ससा कधी स्वतःहून कोल्ह्याच्या तोंडात येतो का? लांब पळवा ती चिंधी, लांब! तुम्ही घाबरा, त्याला नका घाबरवू!” मग स्वतः येऊन दोरीला बांधलेली चिंधी गवतातून सळसळत ओढायचा, थांबवायचा, पुन्हा ओढायचा. तेच पिल्लू कान टवकारून असं झेपावायचं की बाईंच्या हातातून दोरी सुटायची.

“चावायला शिकवावं लागत नाही,” तो म्हणायचा. “पळणाऱ्याच्या मागे धावायचं हे त्यांच्या रक्तातच आहे. आपण फक्त पळणारं व्हायचं आणि वेळ आली की सापडायचं. लवकर सापडलो तर ते आळशी होतं, उशिरा सापडलो तर त्याचं मन मोडतं.” ही वेळ त्याला बरोबर कळायची. आम्हाला बाकीच्यांना ती कधी कळली नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही, कारण तो होता ना.

या धंद्यात त्याची दोन बोटं वाकडी झाली, खांदा उतरला, कंबर कायमची आखडली. बायको हेद्विका एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “शनिवारी हा कुत्र्यांचा, रविवारी अंगदुखीचा, आणि बाकीचे दिवस साखर कारखान्याचा. मग माझा कधी?” आम्ही हसलो. नंतर ती ब्र्नो शहरात बहिणीकडे गेली ती तिकडेच राहिली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही, पण शनिवारी बाही घालायला तो आलाच.

माग काढायचा, आज्ञा पाळायच्या आणि बाही धरायची अशी आमची परीक्षा असते. त्याचं स्वतःचं कुत्रं कधी तिला उतरलं नाही. कारण साधं होतं. क्लबात बाहीवाला तो एकटा. दुसऱ्यांच्या कुत्र्यांसमोर तो पळायचा, पण त्याच्या कुत्र्यासमोर कोण पळणार? स्वतःच्या कुत्र्याला स्वतःवर सोडता येत नाही. माझ्या चारही कुत्र्यांनी परीक्षा दिल्या, विलेमच्या सात, ओताच्या पाच. विलेम आमचा अध्यक्ष, आणि ओता म्हणजे गावचा छपरं दुरुस्त करणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. ओता तर म्हणायचाही, “मेतोदेय, तू आमच्या क्लबाचा आचारी. स्वैपाक तुझा, जेवणार आम्ही.” मेतोदेय हसायचा. ते हसू मला तेव्हा खरं वाटायचं.

मग तीन वर्षांपूर्वी रोमान नावाचा बेकरीवाला शेजारच्या गावातून आला. चाळिशीचा, बैलासारखा माणूस, बाही चढवायची हौस असलेला. मोठ्या कुत्र्यांसमोर पळायचं काम त्याने घेतलं, मेतोदेयकडे पिल्लं राहिली. त्याच महिन्यात मेतोदेयने झोर्का आणली. जर्मन शेफर्ड, करडी, कामाच्या घराण्यातली, आठ आठवड्यांची. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या पँटचा पाय धरला आणि तो तिला तसाच ओढत खोलीपर्यंत आला.

“ल्युबा,” तो मला म्हणाला, “मला एकदा माझ्या कुत्र्याबरोबर मैदानात उतरायचंय. माझं नाव पुकारलं पाहिजे. बस, एकदाच. मग बाही खुंटीला.”

“खुंटीला टांगशील तू? चल!” मी म्हटलं.

“बघच तू,” तो म्हणाला.

झोर्का कशी होती म्हणून सांगू! असली आग मी आयुष्यात दोनदाच पाहिली असेल. दोरीचा चेंडू दिसला की तिला जेवण नको, पाणी नको, समोर कुंपण असलं तर तेही नको. चेंडू एकदा बीटाच्या शेतात गेला. आम्ही गुलाश खाऊन, भांडी धुऊन परत आलो तरी ती शोधत होती आणि घेऊनच आली. चावा म्हणाल तर पूर्ण, खोल, शांत. रोमानच्या बाहीवर ती बसली की रोमानचे पाय लटपटायचे. माग काढण्यात चोख, चालण्यात चोख. दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो की म्हाताऱ्याला परीक्षा म्हणजे हातचा मळ.

पण एक गोष्ट तिला येईना. ती सोडायची नाही.

परीक्षेत बाहीवाला थांबला की मालकाने लांबून ‘सोड’ म्हणायचं आणि कुत्र्याने सोडायचं. तीनदा म्हणून सोडलं नाही तर कुत्रं बाद. बाकी गुण शंभरातले शंभर असोत, बाद म्हणजे बाद. आणि हे शिकवायचं घरी, चिंधीवर. रीत सोपी आहे. चिंधी मांडीशी घट्ट धरायची आणि मेल्यासारखं स्थिर व्हायचं. हलत नाही ती शिकार मेलेली, आणि मेलेल्या शिकारीत कुत्र्याला गंमत नाही. थोड्या वेळाने कंटाळून ते सोडतं. सोडलं की त्याच क्षणी चिंधी पुन्हा जिवंत करायची. दहा-पंधरा वेळा असं झालं की कुत्र्याला कळतं, सोडलं तर खेळ पुन्हा सुरू होतो. माझा पहिला कुत्रा चार दिवसांत शिकला होता, आणि तो तर मठ्ठ होता.

झोर्काला दोन वर्षं शिकवूनही येईना. मेतोदेय चिंधी मांडीशी धरून उभा राहायचा आणि ती लटकून राहायची. पाच मिनिटं. दहा मिनिटं. डोळे चमकतायत, शेपटी हलतेय, जबडा घट्ट. शेवटी तो चिंधी टाकून द्यायचा आणि ती जिंकल्यासारखी पळत सुटायची.

सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. ओता म्हणाला, “अरे हा छत्तीस वर्षं हरतोय! याला जिंकता येतं कुठे? कुत्रीला कळलंय ते. हात खाली आला की समजायचं, म्हातारा आता देणार.”

“मी देत नाहीये,” मेतोदेय म्हणायचा. “मी थांबतोय.”

“थांबतोस पण मनातून देतोस,” ओता म्हणायचा आणि सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. ते खरंच पटण्यासारखं होतं. आयुष्यभर जो माणूस योग्य वेळी हार मानायचं काम करतो, त्याच्या अंगाला तीच सवय लागणार, नाही का?

विलेमने काट्यांचा पट्टा आणून दिला. “दोनदा झटका दे, तिसऱ्यांदा सोडेल,” तो म्हणाला.

“नको,” मेतोदेय म्हणाला.

“अरे मऊपणाने कुत्री बिघडतात.”

“तिची चूक नाही. चूक नसताना मार कशाचा?”

“मग चूक कोणाची?” विलेम चिडला.

 मेतोदेयने पट्टा टेबलावर परत ठेवला आणि डावा हात कोटाच्या खिशात घातला. आता आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो हात कधीपासून असा खिशातच असायचा आणि मला काही दिसलं नव्हतं!

हे सप्टेंबरात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षा होती. यादीत त्याचं नाव होतं, आणि तो रोज येऊन सराव करत होता. रोज म्हणजे रोज. मी दवाखान्यातून सुटून घरी जाताना पाहायचे, धुक्यात एकटा उभा, हातात चिंधी, चिंधीला झोर्का, आणि दोघंही जागचे हलत नाहीयेत. एकदा तिच्या हिरड्यांतून रक्त आलेलं दिसलं, चिंधी लाल झाली होती. त्या दिवशी मी गाडी थांबवली.

“आण इकडे,” मी म्हटलं. खरं तर रागावले होते. पायात दिवसभराचा शीण होता, घरी कपड्यांचा ढीग पडला होता, आणि हा माणूस कुत्रीचे दात पाडायला निघाला होता. “तू बाजूला हो. तुझ्याच्याने होणार नाही.”

“ल्युबा, राहू दे.”

“बाजूला हो म्हणते ना!”

मी त्याच्या हातातून दोरी घेतली, चिंधी मांडीशी दाबली आणि श्वास रोखून उभी राहिले. मनात म्हटलं, आता निदान दहा मिनिटं. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… अकरा म्हणेपर्यंत झोर्काने जबडा सैल केला, एक पाऊल मागे गेली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

मी चकित झाले. पुन्हा खेळवली, पुन्हा धरली. या वेळी सातव्या आकड्याला सुटली. तिसऱ्या वेळी मी ‘सोड’ म्हटलं आणि तिने सोडलं, इतकं सरळ. दोन वर्षं जे येत नव्हतं ते पाच मिनिटांत आलं. मी हसत वळले, काहीतरी टोमणा मारणार होते.

मेतोदेय ओल्या गवतावर बसला होता. हसत नव्हता.

“ये, आता तू धर,” मी म्हटलं.

“नको.”

“अरे शिकली ती! धर ना.”

तो उठला, चिंधी हातात घेतली, झोर्काने झडप घातली. त्याने चिंधी मांडीशी आणली आणि थांबला. मी नेमकी शेजारी उभी होते. दोरीचं टोक खाली लोंबत होतं, आणि ते हलत होतं. वारा नव्हता. अगदी बारीक, एकसारखं हलत होतं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. रोजचं काम आहे माझं, मनगट धरायचं. हाताखाली ती थरथर लागली आणि मला सगळं समजलं.

हात कामात असेतो त्याला काही व्हायचं नाही. चिंधी ओढताना, बाही चढवताना, सायकल चालवताना हात ठीक. थांबला की सुरू. आणि थांबायचं तर हेच एक काम होतं. त्याच्या हातातली शिकार कधी मरतच नव्हती. झोर्काच्या दातांना ती सतत जिवंत लागत होती. मग ती कशाला सोडेल? ती तर तिला शिकवलं तेच करत होती.

“दाखवलंस कोणाला?” मी विचारलं.

“थरथर दोन वर्षांची आहे, दाखवलं या मार्चमध्ये. तुमच्या दवाखान्यात नाही, शहरात.”

“काय म्हणाले?”

“वाढणार म्हणाले. गोळ्या दिल्यात.” त्याने चिंधी टाकून दिली, झोर्का ती घेऊन पळाली. “विलेमला सांगू नकोस. त्याने पिल्लं काढून घेतली तर मी शनिवारी करू काय? आणि यादीतलं नाव खोडलं तर? परीक्षा होऊ दे. मग मीच सांगतो.”

“आणि एवढे महिने त्या ओताचं हसणं ऐकून घेतलंस?”

“ते सोपं होतं,” तो म्हणाला. “हरायची सवय आहे म्हणून हसले तर हसले. आजारी म्हणून कीव केलेली मला नको होती.”

मला रडू आलं आणि राग तर त्याहून जास्त आला. त्याचा, ओताचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एकतीस वर्षं लोकांचे हात हातात घेणारी बाई मी, आणि माझ्या चार कुत्र्यांना उभं करणाऱ्या माणसाचा हात मला दिसू नये!

मग सहा आठवडे आम्ही दोघांनी तिला शिकवलं. रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत. चिंधी मी धरायची, शब्द त्याने उच्चारायचा. आधी तो माझ्या शेजारी, मग पाच पावलं लांब, मग वीस. “सोड!” तो म्हणायचा, झोर्का सोडायची, मी लगेच चिंधी पळवायचे. मग मी रोमानची जुनी बाही चढवली. पन्नाशी उलटलेल्या बाईला पस्तीस किलोची कुत्री धावत येऊन धडकते तेव्हा काय होतं ते मला पहिल्यांदाच कळलं. तिसऱ्या दिवशी मला मान वळवता येईना. दवाखान्यात पेशंट मलाच विचारायचे, “बाई, तुम्हाला बरं आहे ना?”

“कसं केलंस रे हे छत्तीस वर्षं?” मी त्याला विचारलं. आम्ही गाडीत बसून रम घातलेला चहा पीत होतो.

“तुम्ही सगळे रांगेत उभे असायचात,” तो म्हणाला. “नाही कसं म्हणणार?”

मला वाटलं याहून एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवशी पांढरं दव पडलं होतं. जिल्ह्याहून परीक्षक आले होते, सडपातळ, कमी बोलणारे, आणि त्यांच्याबरोबर परका बाहीवाला. माग काढायचा भाग सकाळी शेतात झाला, झोर्काला एक्क्याण्णव. मग आज्ञापालन, अठ्ठ्याऐंशी. तिथे मेतोदेयला सतत चालायचं होतं, त्यामुळे हाताचं काही दिसलं नाही. जिथे थांबायचं होतं तिथे त्याने दोरी मुठीत गुंडाळून मूठ मांडीवर दाबून धरली. मी कुंपणापाशी उभी राहून नखं खात होते.

शेवटी बचावाचा भाग. विलेमने कर्ण्यातून पुकारलं, “क्रुपिच्का मेतोदेय, कुत्री झोर्का.” खोलीपाशी बसलेले सगळे उठून कुंपणाला आले. छत्तीस वर्षं ज्याला आम्ही समोरून येताना पाहिलं, तो पहिल्यांदा या बाजूने मैदानात जात होता. लंगडत होता, पण मान ताठ होती.

परका बाहीवाला आडोशामागून पळाला. “धर!” झोर्का सुटली. तिचा आवाजच नाही, फक्त गवत खरडल्याचा आवाज, मग थड्. बाहीवाला अर्धा वळला, झटापट केली, काठी उगारली, तिने पकड सोडली नाही. मग तो थांबला. पुतळ्यासारखा थांबला. सगळं मैदान थांबलं.

“सोड!” मेतोदेय म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला.

झोर्काने सोडलं. एकदाच म्हटल्यावर. सुटून समोर बसली आणि बाहीवाल्याच्या डोळ्यांत बघत भुंकायला लागली.

ओताने मला मिठीच मारली. “सुटली! ल्युबा, सुटली! म्हातारा जिंकला रे!” लोकं नाचायला लागली. परीक्षकसाहेब वहीत लिहीत होते, तेही हसत होते. मेतोदेय तिला घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना. एवढा आनंद त्या चेहऱ्याला सवयीचा नव्हता.

आणि इथे माझी चूक झाली. सहा आठवडे मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त आमच्या रीतीचा केला नव्हता.

आमच्याकडे पहिली परीक्षा पास झालेल्याने खोलीसमोर मधोमध उभं राहायचं असतं. एका हातात कुत्र्याची दोरी, दुसऱ्या हातात आलुबुखाराच्या घरच्या दारूचा छोटा ग्लास, काठोकाठ भरलेला, हात सरळ पुढे. अध्यक्ष गुण वाचून दाखवतो. वाचून संपेपर्यंत थेंबही सांडता कामा नये. सांडला तर सगळ्यांना पाजायची. हात स्थिर तर कुत्रं ताब्यात, असा त्यातला अर्थ. प्रत्येकाने हे केलंय, मीही चार वेळा केलंय.

विलेम ग्लास भरून घेऊन आला तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आलं. “अरे, थंडी किती आहे,” मी पुढे झाले. “आत चला, आधी गुलाश घेऊ. हे नंतर—”

“ल्युबा, तुझं मधेच काय!” ओता म्हणाला. “छत्तीस वर्षं थांबलोय आम्ही या ग्लासासाठी.”

मेतोदेयने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, राहू दे म्हणून. दोरी त्याने उजव्या हातात घेतली. ती त्याला त्याच हातात धरावी लागायची, कारण झोर्काला ओढून धरायला डाव्या हातात आता जोर नव्हता. ग्लास डाव्या हातात आला.

विलेमने चष्मा पुसला. वही उघडली. विलेमला लांबण लावायची खोड आहे. “आज आपल्या क्लबाच्या इतिहासात…” असं सुरू केलं त्याने. क्लब कधी स्थापन झाला, मैदान कोणी दिलं, मेतोदेय पहिल्यांदा आला तेव्हा कोणती सायकल होती. पहिल्या मिनिटात हात ठीक होता. मग “माग काढणे, शंभरापैकी एक्क्याण्णव,” आणि पहिला थेंब बोटांवर आला.

“सांडली! सांडली!” ओता नाचायला लागला. “पाज आता! सगळ्यांना पाज!”

सगळे हसले. दुसरा थेंब, तिसरा, मग धारच लागली मनगटावरून बाहीत. अजूनही हसत होते, म्हातारा भारावलाय म्हणत होते.

मग कोणीतरी झोर्काकडे पाहिलं असावं. ती मालकाच्या पायाशी बसली होती, पण त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. कान पुढे, मान ताणलेली, तोंड मिटलेलं, सगळं अंग ताठ. ती त्या हाताकडे बघत होती. चिंधीकडे बघते तशी. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यभर हेच केलंय, कुत्रं कुठे बघतंय ते बघितलंय. एकेकाची नजर तिच्या डोळ्यांवरून त्या हातावर गेली आणि एकेकाचं हसू थांबलं. शेवटी ओताचंही थांबलं. विलेम वाचायचा थांबला.

मेतोदेयने हात खाली घेतला नाही.

“वाच ना, विलेम,” तो म्हणाला. “दोन भाग राहिलेत.”

विलेमने वही पुन्हा वर धरली. “आज्ञापालन, अठ्ठ्याऐंशी. बचाव, शंभरापैकी त्र्याण्णव.”

“आणि सोडणं? काय लिहिलंय?”

“सोडणं…” विलेमने ओळीवर बोट ठेवलं. “पहिल्या शब्दाला. निर्दोष.”

मेतोदेयने दुसरा हात आणला आणि ग्लासात जे उरलं होतं ते दोन्ही हातांनी धरून प्यायला. ते रीतीत बसत नाही. पण पाजायचा विषयही कोणी काढला नाही.

“मला सांगायचंस की रे,” ओता फार हळू म्हणाला. “मी काय काय बोललो तुला.”

“सांगितलं असतं तर पिल्लं काढून घेतली असतीत.”

“घेतली असती,” विलेम म्हणाला. खोटं बोलला नाही तो, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते.

मी गाडीपाशी गेले, कारण मला तिथे उभं राहवत नव्हतं. थोड्या वेळाने मेतोदेय झोर्काला घेऊन आला. गाडीचं मागचं दार त्याने स्वतःच उघडलं, तिला आत चढवलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

“घेऊन जा तिला.”

“उद्या आणू की सोमवारी?”

“आणू नकोस. ठेव.”

“वेड लागलंय का तुला? आजच तर…” मी भांडायला लागले. एवढं सगळं कशासाठी केलं आपण, माझी मान मोडली, तिचे दात, तुझं नाव, काय काय बोलले मी. तो ऐकत उभा राहिला. मी थांबल्यावर बोलला.

“घरी मी खुर्चीत बसलो की हात सुरू होतो. ती समोर येऊन बसते. तिला वाटतं मी खेळायला बोलावतोय. जेवण सोडून बघत बसते, ल्युबा. तासन् तास. हात खिशात घातला तर खिशाकडे बघते, पांघरुणात घातला तर पांघरुणाकडे. मी सोड म्हणतो. पण ती काय सोडणार? तिने धरलंय काय?” त्याने काचेतून आत पाहिलं. “मी दमलोय ते ठीक आहे. पण ती फार दमलीय. तुझे हात शांत आहेत.”

 तो वळून सायकलीकडे गेला, आणि झोर्का मागच्या काचेला नाक लावून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबवावी लागली. मालगाडी जात होती, लांबलचक. मी मागे वळून पाहिलं तर झोर्का कुशीवर आडवी पडून गाढ झोपली होती, पाय ताणून, तोंड अर्धवट उघडं. तिला असं झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर अगदी शांत होते, आणि मला त्यांचा फार राग आला.